सरळ पंखांच्या माश्या

नाशिक,
८ जानेवारी २०२५

प्रिय मनीषा,

सप्रेम नमस्कार. तू मजेत असशील असं लिहिणार होते, पण तुझे फोन पाहता तसं दिसत नाही. इथे थंडी कडाक्याची आहे. आईचा झेंडू बरा गेला. मी प्रयोगाच्या माश्यांसाठी मक्याचं पीठ आणि गूळ शिजवायला घेतला की ती सुरू होते, "चिलटांना गूळ, आन् बापाला फिका चहा. लय शिकली माझी पोर."

पुण्यात तुझ्या माश्यांची अंडी फुटत नाहीत म्हणे. खाणं बदललंस, तापमान बदललंस, आता म्हणतेस, "छाया, जुन्या मैत्रीखातर सांग ना."

मैत्री होतीच. माशीच्या अंड्यात ते एक प्रथिन पोटाकडे दाट आणि पाठीकडे विरळ होत जातं, त्यावरूनच पेशींना कळतं कुणी पोट व्हायचं, कुणी पाठ. त्या प्रथिनाचा जनुक मोडलेली माशी मी तयार केली, तेव्हा सगळ्यांत आधी तुला दाखवली. तू सुरेख फोटो काढलेस आणि आपल्या पीएचडीच्या सरांना सांगितलंस, "माशी माझी." पुण्याची नोकरी तुला मिळाली. मी तासिकेवर शिकवते.

दिवाळीत तू पुण्याला न्यायला माझ्या बाटलीतून माश्या निवडत होतीस, मी शेजारीच उभी होते. तू म्हणालीस, "वाकड्या पंखांच्या कशाला नेऊ? सरळ पंखांच्या बघ, कशा धडधाकट आहेत."

वाकडे पंख ही मी ठेवलेली खूण होती. त्या माशीकडे जनुकाची एक चांगली प्रत असते, तिची अंडी जगतात. सरळ पंखांच्या माश्यांत दोन्ही प्रती मोडक्या. त्या स्वतः ठणठणीत, पण ते प्रथिन अंड्याला आईकडूनच मिळायचं असतं. त्यांच्या अंड्यांना पोटच येत नाही, नुसती चहूबाजूंनी पाठ. एकही फुटत नाही. मी काही बोलले नाही. बाटलीला कापसाचा बोळाही मीच लावून दिला.

नंतर वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

शुक्रवारी समिती तुला नोकरीत कायम करायचं की नाही ते ठरवणार आहे, सरही त्या समितीवर आहेत. काल मी त्यांना फोन करून एवढंच म्हटलं, "मनीषाला विचारा, अंडी का मरतात. जिने माशी घडवली तिला पंख बघूनच सांगता येईल." सरांनी प्रश्न पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाले, "विचारतो."

उत्तर तुला दिलंय, एक शब्दही लपवलेला नाही. फोनवर सांगितलं असतं तर आजच कळलं असतं, म्हणून साध्या टपालाने पाठवते आहे.

कळावे, पण सोमवारी.

माशी जिची ती,
छाया