बगळ्याची चाल

नेपरव्हिल,
१४ जुलै २०२५

प्रिय दीपा,

माहेरी सगळे खुशाल असतील. नागपूरचं ऊन एव्हाना उतरलं असेल. आईंना माझा नमस्कार सांग. इथे तुझी कढीपत्त्याची कुंडी तग धरून आहे, मीच जरा वाळलोय. फोनवर मी हवामान सांगतो आणि तू 'बरं' म्हणतेस, म्हणून हे कागदावर.

शनिवारी आयोवात गेलो होतो. आपली हेरन्स बेसबॉल टीम आता जिथे खेळते त्या गावी. चार तास ड्राइव्ह केलं. नदीकाठच्या आपल्या स्टेडियमच्या जागी गोदाम उभं राहतंय. जाताना टीमने खुर्च्यासुद्धा उचकटून नेल्या, आठवतं ना? तिकडच्या माहितीपत्रकात टीमचा इतिहास पानभर छापलाय. आपल्याकडची एकतीस वर्षं मात्र एका ओळीत उरकली आहेत, 'यापूर्वी इलिनॉयमध्ये'. मला राग आला. बेसबॉलमधलं मला काडीचं कळत नाही, तरी आला.

तिसऱ्या इनिंगनंतर मॅस्कॉट मैदानात आला. तोच बगळा, आपला वीर आत शिरून नाचायचा तोच पोशाख. उजव्या पंखाला तू लावलेलं जांभळ्या साडीचं ठिगळ अजून टिकून आहे. वीरला जाऊन पावणेतीन वर्षं होत आली, आत दुसरं कुणीतरी असणार हे मला ठाऊक होतं. पण तो डावा पाय ओढत चालत होता. शाळेत गुडघा मोडल्यापासून वीर चालायचा, अगदी तसा. माझा कोक मांडीवर सांडला. दीपा, आपलं पोर माझ्यासमोरून चालत गेलं.

मॅच संपल्यावर मी मागच्या दाराशी थांबलो. पोशाख उतरवून एक मुलगी बाहेर आली, घामाने निथळत. मी विचारलं, पायाला काय झालं?

"काहीच नाही," ती म्हणाली. "जुन्या व्हिडिओंत बगळा असाच चालतो. मी महिनाभर आरशासमोर प्रॅक्टिस केली."

तिची चूक माझ्याने दुरुस्त करवली नाही.

आता मुद्द्याचं. टीम जाणार म्हणून वीर मिटून गेला, असं तू सगळ्यांना सांगतेस. शेवटच्या मॅचनंतर अडीच महिन्यांनी बर्फावर त्याची गाडी घसरली, आणि तू त्या टीमला बोल लावतच नागपूरला गेलीस. ते खापर मी टीमवर फुटू दिलं.

शेवटच्या होम गेमला मी गेलो होतो.

तुला त्या दिवशी जमणार नव्हतं, वीरने माझ्यासाठी तिकीट ठेवलं होतं. गेटवर माझे डायरेक्टर भेटले, शेजारीच बसले. बगळा पाय ओढत सगळ्या पायऱ्या चढून आला आणि माझ्यापुढे पंख पसरून उभा राहिला. डायरेक्टरांनी विचारलं, "ओळखीचा आहे?" ऑफिसात आणि पुण्याला माझ्या घरच्यांना मी सांगून ठेवलं होतं की मुलगा टीमच्या मॅनेजमेंटमध्ये आहे. मला लाज वाटली. मी म्हणालो, "नाही."

पोशाखात असताना बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. त्याने पंख मिटले आणि पायऱ्या उतरून खाली गेला.

त्या संध्याकाळी तू मला झापलंस, एकुलत्या एका मुलाच्या शेवटच्या मॅचलाही गेला नाहीस म्हणून. मी म्हणालो, मीटिंग लांबली. वीर समोरच जेवत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तुला म्हणाला, "आई, इट्स ओके. बाबांना खरंच काम होतं."

उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल. टीमला मात्र आता काही बोलू नकोस.

'तुझा' लिहायला हात धजत नाही,
गुरुदत्त