चंद्रमहलमधल्या दोनशे सतरा रात्रींची वाटणी

मी, कल्लाप्पा शामू कामकर, वय वर्षे ६९, पूर्वी विणकर सोसायटीचा फिरता विक्रेता, आता घरी बसून दोन मागांवर देखरेख करणारा, राहणार वडगाव, बेळगाव, आज मंगळवार दि. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहायला घेत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. या वाक्याला पत्नी जयाबाई हिची हरकत आहे, पण ती फक्त हॉटेलांच्या बाबतीत आहे आणि तिचा खुलासा कलम चारमध्ये येईल. माझ्यावर कुणाचा दाब नाही. येत्या २० तारखेला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं कारण नाही, तरी कागदपत्रं नीट करून ठेवा." ही दोन वाक्ये त्यांनी एकाच दमात म्हटल्यामुळे मी लिहायला बसलो.

कलम १. वडगावचे राहते घर जयाबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे व तिच्यानंतर आमची एकुलती एक मुलगी पूर्णिमा हिचे. पूर्णिमा बेंगळुरात नोकरीला असते. घर विकायचे झाल्यास माझे साडू मारुतीराव, राहणार निपाणी, यांचा सल्ला घेऊ नये. तो न घेताही मिळेल.

कलम २. दोन्ही माग व कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायचे यंत्र जयाबाईचे. चाळीस वर्षे ती पहाटे चारला उठून कांड्या भरते, म्हणजे उजाडताना माग सुरू होतात. माझ्या माघारी तिने हे पहाटेचे उठणे बंद करावे. मी असतानाच बंद कर असे मी तिला कधी म्हटले नाही. विचार केला तेव्हा वाईट वाटले, म्हणून लिहून ठेवले.

कलम ३. बँकेतली ठेव जयाबाईची. स्कूटर ज्याला सुरू करता येईल त्याची.

कलम ४. आता मुख्य मालमत्ता. 'हॉटेल चंद्रमहल' या नावाची हॉटेले निपाणी, हुबळी, सोलापूर वगैरे ठिकाणी आहेत. त्यांच्या कार्डावर भाडे भरले की पॉइंट मिळतात आणि साठलेल्या पॉइंटवर पुढे फुकट खोली; तिथे माझ्या नावे दोनशे सतरा रात्रींचे पॉइंट जमा आहेत. या दोनशे सतरा रात्रींपैकी एकाही रात्री मी तिथे झोपलेलो नाही. हे कसे झाले ते वारसांना कळले पाहिजे.

सोसायटीच्या नमुन्याच्या साड्या घेऊन मी गावोगाव फिरत असे. प्रत्येक गावात आमचे कुणी ना कुणी पाहुणे आहेतच. आमच्याकडे गावात पाहुणे असताना लॉजवर उतरणे म्हणजे त्यांच्या तोंडाला काळे फासणे. म्हणून मी पाहुण्यांकडेच झोपायचो. पण २००३ साली हुबळीला माझी बहीण मालुबाई हिच्या शेळीने शहापुरी साडीचा अख्खा पदर खाल्ला. त्यावर सोसायटीने ठराव केला की नमुन्याच्या साड्या हॉटेलच्या कुलूपबंद खोलीतच ठेवाव्यात, भाडे सोसायटी देईल. साड्यांनी कुठे झोपावे हे ठरावात होते, विक्रेत्याने कुठे झोपावे हे नव्हते. म्हणून माझी बॅग एसीत गादीवर झोपायची आणि मी मालुबाईच्या पडवीत शेळीशेजारी.

कार्ड माझ्या नावाचे असल्याने पॉइंट मला मिळत. काउंटरवरचा माणूस दर खेपेला विचारी, "पॉइंट की रोख?" मी दर खेपेला रोख म्हणे, कारण पॉइंटच्या खोलीचे बिल मिळत नाही आणि बिलाशिवाय सोसायटी हलत नाही. पॉइंट मी जयाबाईसाठी राखून ठेवले.

याचे कारण असे. एकदा ती माझ्याबरोबर हुबळीला आली होती. बॅग आणायला मी खोली उघडली तेव्हा ती दारातच थांबली. पांढरी चादर, एक सुरकुती नाही. म्हणाली, "कुणीतरी हातरलंय, कुणीतरी उचलणार. आपण नुसतं झोपायचं. एक रात तरी मला हितं झोपवा की वो." मी शब्द दिला. फुकट झोपवीन म्हणालो, आणि तिथेच माझा घोटाळा झाला.

२०११ साली आम्ही दोघे त्याच हुबळीला त्याच काउंटरसमोर उभे राहिलो. मालुबाई तीर्थयात्रेला गेलेली, म्हणजे पाहुण्यांचाही अडथळा नाही. पण त्या दिवशी खोली रोखीने फारच स्वस्त होती. इतक्या स्वस्त खोलीवर पॉइंट उडवणे मूर्खपणाचे. आणि पॉइंट जवळ असताना रोख देणे त्याहून मूर्खपणाचे. मी पाऊण तास वहीत आकडेमोड केली. जयाबाई सोफ्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. शेवटी आम्ही शेवटच्या बसने वडगावला परत आलो. उतरल्यावर ती एवढेच म्हणाली, "वाचलं का पैसं?" मी खरोखरच व्हय म्हणालो.

पुढे २०१६ साली सोलापुरात उलटे झाले, खोली महाग म्हणून पॉइंट दुप्पट मागत होते. तिथूनही परत आलो. त्यानंतर तिने विषय काढला नाही. दरांची माझी वही मात्र चालू राहिली. ती वही बंबात घालावी.

तरी सदर दोनशे सतरा रात्री मी जयाबाईला देत आहे. तिने त्या सलग झोपून घ्याव्यात.

कलम ५. साड्यांची ती निळी बॅग पूर्णिमाला. बॅगेला मानाने वागवावे. घरात तिच्याइतके सुखात कुणी झोपलेले नाही.

कलम ६. मारुतीरावांना काहीही देऊ नये. निपाणीच्या प्रत्येक खेपेला त्यांनी मला स्टँडवरून ओढून घरी नेले आणि तंबाखूचे भाव ऐकवत दोन-दोन वाजेपर्यंत जागवले. माझे हृदय तिथेच बिघडले असावे. डॉक्टरांना हे पटले नाही, कारण त्यांनी मारुतीरावांना ऐकलेले नाही.

येथे लिहिणे थांबले होते. कारण नोंदवतो.

पूर्णिमाला मी फोन करून कार्डाचा नंबर दिला आणि वारसदाराचे नाव घालायला सांगितले. तिने फोन चालू ठेवूनच कार्डाचे नियम वाचून काढले. मग म्हणाली, "आप्पा, हितं लिवलंय, कार्डवाला वारला की खातं बंद. पॉइंट कुणालाच देता येत न्हाईत."

"बायकोलाबी न्हाय?"

"न्हाय. आणि अजून एक हाय. तीन वर्षांपेक्षा जुने पॉइंट आपोआप रद्द होतात. तुमी रिटायर झाल्यापासनं कार्ड वापरलंय कुठं?"

"शेवटचं बावीस सालच्या दिवाळीनंतर. सोसायटीचं राहिलेलं काम होतं."

"त्या वेळंचे तेवढे शिल्लक हाईत. चार हजार दोनशे. चार हजाराला एक रात मिळती. तीबी परवापर्यंतच, मग तेबी जाणार."

दोनशे सतरा रात्रींची एक झाली. मी फोन ठेवला. जयाबाई यंत्रापाशी बसली होती, तिने सगळे ऐकले होते. मला वाटले ती हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "जाऊ द्या. ऑपरेशन होऊ दे नीट." तेव्हा मला जी लाज वाटली ती शेळीने पदर खाल्ला त्या दिवशीही वाटली नव्हती.

सबब पूर्णिमाकडून खोली सांगून ठेवली आणि काल गुरुवारी, दि. १३ रोजी, आम्ही बसने निपाणीला आलो. यापुढचे सर्व हॉटेल चंद्रमहल येथे लिहिले आहे.

काउंटरवर स्वरूप नावाचे मॅनेजर होते. त्यांनी विचारले, "पॉइंट की रोख?" मला बिल लागणार नव्हते, तरी तोंडात रोखच आले. वही पिशवीत होती, हातही तिकडे गेला. जयाबाईने पिशवीच काढून घेतली. मी पॉइंट म्हणालो. चावी मिळाली, २०४.

संध्याकाळी सात वाजता मारुतीराव हजर झाले. कुणीतरी आम्हाला स्टँडवर पाहिले होते. हातात मेव्हणीबाई अंबुबाईंनी दिलेला भाकरीचा डबा. दारातूनच ओरडले, "गावात घर असताना लॉजवर? लोक काय म्हणतील मला?"

जयाबाई आतून म्हणाली, "दाजी, लोकांस्नी सांगा, जया झोपलीया."

मारुतीराव खाली जाऊन सोफ्यावर बसले. आम्हाला घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणाले. मॅनेजरांनी नम्रपणे सांगितले की रात्री सोफा फक्त उतरलेल्या पाहुण्यांसाठी आहे. तेव्हा मारुतीरावांनी रागाने रोख मोजून २०५ नंबरची खोली घेतली. आपले पाहुणे लॉजवर एकटे झोपले असे कुणी म्हणायला नको. त्यांना जागेवरच नवीन कार्ड मिळाले. घरापासून चार गल्ल्यांवर झोपून त्यांनी पॉइंट कमावले आहेत आणि आज सकाळी मी खोलीबाहेर बसलो आहे त्या बाकावर येऊन विचारत होते, "साडू, पुढच्या खेपेला पॉइंट वापरू की रोख? फायदा कशात?" बावीस वर्षांचा माझा अभ्यास मी त्यांना एका शब्दात सांगितला: "झोपा."

कलम ७. त्यामुळे कलम सहा थोडे बदलतो. माझे उरलेले दोनशे पॉइंट मारुतीरावांना द्यावेत. ते आजच रद्द होतात हे मला माहीत आहे. शिवाय साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळाले तर ते बाद होते असे ऐकतो, आणि मारुतीराव खाली साक्षीदार आहेत. भाकरी मात्र चांगली होती, अंबुबाईंना माझा नमस्कार.

कलम ८. कलम चार रद्द. जयाबाईला द्यायच्या रात्री माझ्याजवळ नाहीत.

आता शेवटचे. सवयीने पहाटे चारला मला जाग आली. जयाबाईला आली नाही. सहा वाजले, आठ वाजले, नाश्ता संपला. इतक्या वर्षांत मी तिला उजेडात झोपलेले पाहिले नव्हते. झोपेत तिचा उजवा हात थोडा उघडा पडतो आणि कांडी भरल्यासारखी बोटे हलतात, हे मला माहीत नव्हते. नऊच्या सुमारास बोटेही थांबली. मी घाबरून जवळ गेलो. नुसतीच गाढ झोपली होती. मी हे कागद आणि चष्मा घेऊन बाहेर व्हरांड्यात बाकावर येऊन बसलो.

साडेअकराला स्वरूप वर आले. बाराला खोली सोडावी लागेल, नाहीतर आजचे पूर्ण भाडे. पॉइंटवर मिळेल का, असे मी सवयीने विचारले. दोनशे पॉइंटांत नाही, म्हणाले. मग त्यांनीच विचारले, "बाईंना उठवू का?"

मी म्हटले, "न्हाय. रोख घ्या." आकडा विचारला नाही.

नवीन कार्ड जयाबाई कामकर या नावाने करून घेतले आहे. ते उशाशी ठेवले आहे. ऑपरेशन नीट झाले तर त्यावर पुढच्या रात्री मी भरीन. नाही झाले तर पूर्णिमाने भराव्यात, कलम तीनमधल्या ठेवीतून, दर न विचारता.

वरील मजकूर मी शुद्धीवर असताना लिहिला असून जयाबाईची हरकत तूर्त नाही, कारण ती झोपली आहे. तिची समजूत खालील दोघांनी नंतर काढावी. आवाज होऊ नये म्हणून सही बाहेरच केली.

सही: कल्लाप्पा शामू कामकर

साक्षीदार १: मारुतीराव, खोली २०५ (कार्डधारक)
साक्षीदार २: स्वरूप, मॅनेजर

ठिकाण: हॉटेल चंद्रमहल, निपाणी, खोली २०४ च्या बाहेरचा बाक
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार
वेळ: दुपारी एक. खोली सोडायची वेळ होऊन तास झाला. ती अजून झोपली आहे.