काम कुणी दिलं

प्रिय जितू,

तो व्हिडिओ तू अजून काढून टाकला नाहीस. होळीच्या आधी सांगितलं, होळी झाल्यावर सांगितलं, आणि तू म्हणतोस, अक्का, किती लोकांनी बघितला माहीत आहे का. आमच्या गल्लीने बघितला, मला तेवढे लोक पुरे झाले. फोनवर तू बोलू देत नाहीस, लगेच मास्तर होऊन समजवायला लागतोस, म्हणून कागद घेतला. कागदाचं बोलणं मध्येच तोडता येत नाही. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लागलं नाही तर दोनदा वाच.

आणि मला धंद्याचं वावडं आहे असं समजू नको. भडगावच्या बाजारात मेथी-गवारीची पाटी घेऊन मी बसलेली आहे. मयुरीला तुझ्या धुळ्याच्या शिबिराला मीच बसमध्ये बसवून दिलं. नववीतली पोर, मामा चार गोष्टी शिकवतो तर शिकू दे. आली ती वेगळीच होऊन आली. आई, काम मागायचं नाही, काम द्यायचं. दिवसभर तेच. तिचे वडील म्हणाले, मालकीणबाई, आधी म्हशीला पाणी दाखवा, मग आम्हाला काम द्या. किती हसलो तेव्हा. ती पण हसली. आता या घरात तिला मालकीणबाई म्हणायची कुणाची छाती नाही.

तुला शहरात राहून विसर पडला असेल, आपल्या आईकडे बिबड्या कशा व्हायच्या. चैत्रात एकेका घराची पाळी. ज्वारीचा घाटा शिजायला ठेवला, लसूण-मिरचीचा वास सुटला की गल्लीतल्या बायका आपापली फडकी घेऊन येतात, थापतात, खाटेवर पापडासारख्या वाळत घालतात. पोरं पातेलं खरवडून गरम घाटा खातात. आमच्या गल्लीतही तेच, आज माझ्याकडे, उद्या कमलबाईकडे. बोलावणं नाही, मजुरी नाही. तुझ्या घरची बिबडी मी थापली, माझ्या घरची तू. मागच्या वर्षी आमच्या पाळीला मयुरीने ज्वारी भिजवली ती लग्नघरासारखी. बायकांनी विचारलं, एवढ्या कुणाला वं? ती म्हणाली, मामाकडे पाठवायच्या. मलाही तेच वाटलं. भाचीच्या हातचं मामाकडे जातं म्हणून बायकांनी आणखी मन लावून थापल्या. शेजारची भिकुबाई सुजलेला गुडघा घेऊन उन्हं उतरेपर्यंत उठली नाही, कारण तिच्यासारखा पातळ थापणारा हात गल्लीत दुसरा नाही. ही भिकुबाई कोण ते तरी आठवतं का? मयुरी झाली तेव्हा मी तापाने पडलेली, डोळे उघडत नव्हते. पोरीला पहिली आंघोळ हिने घातली. बोलायला लागली तेव्हा पोर आधी हिला आई म्हणाली, मग मला.

त्या बिबड्या तू दिवाळीत जळगावला मेहरूण तलावाजवळच्या प्रदर्शनात मांडल्या. तिथे फोन समोर धरून पोरीकडून बोलून घेतलंस, मी माझ्या गल्लीतल्या बायकांना काम दिलं. मागून टाळ्या तुझ्याच. भिकुबाईच्या नातवाने हौसेने आजीला दाखवलं, आजी, मयुरीताई फोनमध्ये! तिने पुन्हा लाव म्हटलं. पुन्हा बघितलं आणि उठून आत गेली. मयुरीने घाबरून तुला फोन केला, तर तू काय शिकवलंस? सगळ्यांची मजुरी चुकती कर, विषय संपव. पोर पाकिटं घेऊन घरोघर गेली. भिकुबाईने पाकिटाला हात लावला नाही. म्हणाली, "तुले पहिली आंघोय मी घाली वं माय. ते काम माले कोनी दिधं व्हतं?"

यंदा आमच्या पाळीला धूर निघाला, लसणाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला, एकही बाई आली नाही. मयुरी फडकं पसरून दाराकडे बघत बसली. घाटा कडक झाला, म्हशीला घातला. नळावर गेली की कमलबाई म्हणते, सरका गं, मालकीणबाईंना जागा द्या. आता पाणी मीच आणते. तिने शाळाही सोडली. वर्गातल्या पोरी त्या व्हिडिओतल्यासारखं बोलून दाखवतात. मी म्हटलं, जा, सांग सगळ्यांना, ते वाक्य मामाचं होतं. तर म्हणते, तोंड माझं होतं ना आई. एवढी अक्कल तुझ्या शिबिरात कुणाला आहे? तुझ्याकडे पोरांना माल कसा विकायचा ते शिकवतात. मालात कुणाचा हात आहे, ते विचारायला शिकवत नाहीत.

हे सगळं मी गिळून बसले असते. पण भिकुबाई आता जायला टेकली आहे. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. पाणी चमच्याने घेते. परवा तिने सुनेजवळ घाटा मागितला, गरम, तीळ घातलेला. मयुरीच्या कानावर गेलं तशी ती चुलीपाशी बसली, वाटी घेऊन गेली. म्हातारीने विचारलं, कोना हातना शे? सुनेने नाव सांगितलं, म्हातारीने भिंतीकडे तोंड केलं. काल गेली, आजही गेली. वाटी जशीच्या तशी घेऊन येते आणि त्यांच्या उंबऱ्यापाशीच बसून राहते. घरातून कुणी ये म्हणत नाही, कुणी जा म्हणत नाही. म्हातारी अशीच गेली तर पोर माझी त्या उंबऱ्यावरून उठणार नाही जितू, जन्मभर. तिचं म्हातारी ऐकत नाही, माझं तर नाहीच. ज्याचं वाक्य त्याने येऊन सांगावं. भाषण नको, पाकीट नको. खाली बसायचं, तिच्या कानाशी तोंड न्यायचं आणि म्हणायचं, ते मी बोलायला लावलं. आखाजीच्या सणाला मला माहेरी न्यायला येणारच आहेस, तेव्हा बघू म्हणू नको. म्हातारी आखाजी बघत नाही. शुक्रवारपर्यंत येतोस की नाही, एका शब्दात कळव. नाही म्हणालास तर आखाजीलाही गाडी आणू नको, मी बसणार नाही.

तुझीच,
अक्का