बेड अकराची सिस्टर

दादा,

तू फोन उचलत नाहीस. बाबा गेले, एवढं मेसेजने कळवलंय. उरलेलं इथे लिहितेय, पण पाठवणार नाही.

नऊ दिवस ते माझ्याच वॉर्डात होते. घरचा पेशंट असला की नर्सची ड्यूटी बदलतात, आणि लपवलं तर नोकरी जाते. तरी आम्ही लपवलं. मी त्यांना ‘काका’ म्हणायचे, ते मला ‘सिस्टर’. परदेशी नोकरीसाठी मी जर्मन शिकतेय ना, म्हणून त्यांच्या कानात सांगितलं, “तिकडेही नर्सला बहीणच म्हणतात, श्वेस्टर. मठातल्या जोगिणीलासुद्धा.”

ते हसले. “एका शब्दात सगळ्या मावल्या, मुलगी तेवढी बाहेर राहिली.”

गुरुवारी दुपारी मी समोरच्या पेशंटला सलाईन लावत होते. बाबांनी हाक मारली, “सिस्टर!” रोजच्यासारखीच वाटली. मी दुसऱ्या सिस्टरला पाठवलं. हात मोकळे करून पोचले, तेव्हा सगळं संपलं होतं.

“यांचं कुणी आहे का?” मेट्रनने विचारलं.

“मुलगा आहे,” मी म्हटलं. मग बेडची चादर बदलली.

‘चिमे’ म्हणाले असते, तर हातातलं टाकून धावले असते रे. शेवटच्या श्वासापर्यंत त्यांनी माझी नोकरी सांभाळली.

चिमी