कुत्रीची भाकर आधी

आत्या, तुला लिहायचं म्हणून हा कागद दिवाळीच्या आधी आणून ठेवला होता आणि आता पौष लागला. मधल्या काळात एका कोपऱ्यावर मी बैलाचं चित्र काढलं, दुसऱ्यावर तेल सांडलं. टाळाटाळ केली म्हण. वाटायचं, उद्या लिहू, मेलेल्या माणसाला कसली घाई. पण आता घाई मला आहे. उद्या सकाळी मी निघतो आहे, गाठोडं अर्धं बांधून झालंय, आणि कुत्रीला सोबत न्यावं की ठेवून जावं हेच ठरत नाही. हे तुझ्याशिवाय विचारू कुणाला? आणि तू तर या बाबतीत दोन दिवशी दोन वेगळ्या गोष्टी करून बसलीस.

जातो कुठं ते आधी सांगतो. अहेरीच्या बाजाराला, आणि तिथून पुढं आत, लहान लहान गावं घेत. तुझ्यासारखं मीठ-मिरची नाही माझ्याकडं, माझी मान तेवढं ओझं धरत नाही. सुया, मणी, लाकडी फण्या, तळहाताएवढे आरसे. मधे बल्लारशाला रेल्वेच्या कामावर होतो, मग लाकडाच्या कूपात, म्हणजे जंगलतोडीवर, मग एका गाडीवानासोबत पार सिरोंचापर्यंत. तिकडचे लोक तेलुगू बोलतात, मला त्यातलं जेवण आणि पाणी एवढंच येतं, आणि तेवढ्यावर माणूस बरंच फिरू शकतो. ते राहू दे. कुठंच टिकलो नाही एवढं खरं. याच्या पायाले भिंगरी हाये, असं तू म्हणायचीस, पण ती बांधली कोणी? चौथीत मास्तरांनी मारलं त्या दिवशी मी घरी न जाता तुझ्या मागं बाजाराला आलो, तो आलोच. पुन्हा शाळेत गेलो नाही. तूही पाठवलं नाहीस.

तुझी बांधाबांध मला पूर्ण आठवते. माणसांचे चेहरे विसरतो मी, पण ती बांधाबांध नाही. निघायच्या आदल्या दिवशी दुपारीच तू मिठाचं टोपलं पुढ्यात घेऊन बसतेस. खाली पळसाची पानं, दोन थर, त्यावर मीठ, त्यावर पुन्हा पानं, कारण दवानं मीठ सुटलं की पाणी मानेवर गळतं आणि दिवसभर मान चुरचुरते. मिरच्या वेगळ्या फडक्यात. वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात आंबील, त्याच्या तोंडाला पानांचा बोळा. आगपेटी वेळूच्या पेरात, वरून चिंधी. तेलात भिजवलेल्या चिंध्या आणखी वेगळ्या, वाटेत दिवस बुडाला तर टेंभ्याला. मग तू कुत्रीला हाक मारतेस. तिला पायांत धरून गोचिडं काढतेस, बोटांच्या बेचक्यांत तेल भरतेस. त्या वासानंच तिला कळायचं. ती टोपल्याभोवती फेऱ्या मारून शेवटी त्याला टेकून झोपायची, आपल्याला सोडून कुणी जाऊ नये म्हणून.

आणि मग चूल. पहिली भाकर कुत्रीची. जाड, आपल्यापेक्षा मोठी, मोहाच्या बियांचं तेल चोळलेली. मी चुलीपुढं उकिडवा बसलेला, पोटात कावळे.

"मले दे नं आंधी."

"कुत्रीची हाये ते."

"तिले काऊन आंधी?"

"तिचं काम तुह्यापेक्षा मोठं हाये म्हून."

काम कोणतं ते मी विचारलं नाही. मला वाटलं, भुंकणं. ती भाकर निवली की वेगळ्या पानात बांधून तू टोपल्याच्या अगदी वर ठेवायचीस. एवढं सगळं करायचीस, पण कुत्रीला नाव ठेवू द्यायची नाहीस. मी एकदा ठेवलं तर रागावलीस. "कुत्री म्हटलं का येते नं? मंग नाव कायले पायजे?" तेव्हा मला ते नुसतं तिरसटपणाचं वाटलं होतं.

चालताना तू पुढं, तुझ्या लुगड्याचा काठ धरून मी मधे, कुत्री मागं. मला मागं राहायला आवडायचं. मागं राहिलं की दगड मारता येतात, बोरं वेचता येतात, कुणी बघत नाही. एकदा तसा राहिलो तेव्हा तू टोपलं डोक्यावर असतानाच वळलीस आणि माझ्या कानाखाली दिलीस. टोपलं हललं नाही, हे मला त्या वयातही नवलाचं वाटलं.

"मागं राहू नोको म्हटलं नं. मागचाच जाते."

"कुठी जाते?"

"चाल."

कुठं जातो ते नाल्याजवळ कळलं. दिवस बुडत होता, पलीकडचं गाव हाकेवर होतं, धूर दिसत होता. आपण पाण्यातून वर आलो आणि मागं एकदाच केंकाटल्याचा आवाज झाला. एकदाच. मी वळायला गेलो तर तू माझं मनगट असं धरलंस की त्यावर तुझी बोटं दुसऱ्या दिवशीही दिसत होती. तू वळली नाहीस. पाऊल वाढवलंस फक्त. गावात पोचल्यावर ज्या घरी उतरलो तिथल्या बाईला तू म्हणालीस, "कुत्री गेली." ती म्हणाली, "बरं झालं बाई, पोट्टा राह्यला." तू टोपलं उतरवलंस. कुत्रीची भाकर पानातच होती. मला वाटलं आता ती मला मिळणार, खरंच वाटलं, मी हातही पुढं केला. तू ती मोडून त्या घरच्या कुत्र्यांना घातलीस. पुढच्या बाजाराला तुझ्या हातात नवं पिल्लू होतं, डोळ्यांवर टिपके असलेलं.

हा झाला एक दिवस. एवढाच असता तर मी हे लिहायला बसलोच नसतो. कुत्री कशाला न्यायची ते मला कळलं होतं. आपल्या जागी कुणीतरी मागं असावं म्हणून. देवाच्या बकऱ्याला आधी चारतात तशी तिची भाकर आधी. मोठा होत गेलो तसा मी तुझ्यावर मनातल्या मनात रागावतही गेलो.

पण मग दुसरा दिवस आहे. तोच नाला, त्या टिपक्यांवाल्या कुत्रीचा दिवस. का ती पहिलीच टिपक्यांची होती आणि ही लाल? नाही, हीच टिपक्यांची. ऊन होतं, उन्हाळा नुकता लागत होता. वानरं ओरडायला लागली आणि मग दूर कुणी लाकडावर आरा ओढावा तसा आवाज आला. कुणी लाकूड कापत नव्हतं, बिबट्या तसा ओरडतो, ते दोघांनाही माहीत होतं. कुत्री माझ्या पायांत शिरली. तू टोपलं खाली ठेवलंस, कमरेची दोरी तिच्या गळ्यात घातलीस आणि टोक माझ्या हातात दिलंस.

"तू पुढं हो. हिले मधात घे."

"अन् तू?"

"मी मागं."

"मागचा जाते म्हन्ते नं तू."

"लय बोलते हा पोट्टा. पुढं पाह्य."

मी पुढं. दोरीवर कुत्री. आणि मागं तू, डोक्यावर मीठ, हात मोकळे, काठीसुद्धा नाही. मी दोनदा वळून बघितलं, दोन्ही वेळा तू डोळे वटारलेस. काही झालं नाही. आपण गावात पोचलो, तू पाणी प्यालीस, मीठ मोजून दिलंस, चारोळी घेतलीस, रोजच्यासारखी घासाघीस केलीस. मी विचारलं, आज असं काऊन? तर म्हणालीस, "उगंच. मान दुखत होती, हळू चालाव म्हटलं."

त्याच उन्हाळ्यात तू तापानं गेलीस, म्हणून पुढं विचारायचं राहिलं. तेव्हापासून मी कारणं लावत बसलो आहे. कुत्री गाभण होती, म्हणून असेल. मी उंच झालो होतो, पुढं चालण्याजोगा, म्हणून असेल. ताप तेव्हाच अंगात असेल आणि तुला कशाचं काही वाटत नसेल, असंही होऊ शकतं. किंवा पहिलीच्या वेळी तू वळली नव्हतीस ते तुला लागून राहिलं असेल. प्रत्येक कारण बसतं. सगळीच बसतात म्हणजे एकही धरता येत नाही. कुत्री तुझी कोण होती, आत्या? भाकर कोणत्या हातानं द्यायचीस?

आता माझी कुत्री. आलापल्लीच्या लाकडाच्या डेपोत ती माझ्या मागं लागली आणि पावसाळाभर या झोपडीत राहिली. मी तिचं नाव ठेवलं आहे. इथं लिहीत नाही, तू रागावशील. नदीकाठच्या गावांतून या महिन्यात बिबट्यानं कुत्री उचलली आहेत, अंगणातून सुद्धा. म्हणून सकाळी शेजारच्या म्हाताऱ्या गोंड भाऊकडं गेलो. तो दारात बसून टोपली विणत होता.

"भाऊ, कुत्री तुमच्याजवळ ठेवून जाऊ का?"

"ठेव नं. माह्या कोंबड्यांले इचारून ठेव."

"बिबट फिरून राह्यला म्हन्ते नाल्याकडं."

"फिरन. त्याचा नाला हाये. त्याले मानूस नाई पायजे, कुत्रं दिसलं म्हून येते."

"मंग नाई नेत."

"अन् अस्वल? ते थोडी कुत्रं पाहून येते. कुत्रं भुंकलं त उठून जाते, नाई त मानूस त्याच्या अंगावरच जाऊन पडते." त्यानं वेळूची कामटी दातात धरून ओढली. "तुह्या मागं कोन चालन?"

"कोनी नाई. एकटाच हावो."

"एकट्याचं बरं हाये. पुढं बी तोच, मागं बी तोच."

एवढं बोलून तो हसला आणि पुन्हा विणायला लागला. मी परत आलो तो जास्तच गोंधळून. म्हणजे कुत्री नेली तर बिबट्या येतो. नाही नेली तर अस्वल कळत नाही. नेली तर ती जाईल, ठेवली तर कदाचित मी. आणि अंगणातून उचलतातच, तर ठेवून तरी ती कुठं वाचली? असा विचार करत करत मी मणी ओवायला बसलो, मग ते सोडून आरशाला लागलेला डाग पुसत बसलो, मग पीठ मळायला घेतलं. आणि आत्या, पहिली भाकर मी जाड थापली. मोठी. तव्यावरून उतरवून तिला तेल चोळलं. मी काही ठरवलं नव्हतं, हातानंच केलं. कुत्रीनं वास घेतला, दोन फेऱ्या मारल्या आणि गाठोड्याला टेकून पडली. तिच्या दृष्टीनं ठरून गेलं.

मी अजून मोकळा आहे असं धरून हे लिहीत होतो. रात्रीपर्यंत मन घट्ट होईल, पहाटे तिला भाऊच्या दावणीला बांधून गुपचूप निघेन, असं जवळजवळ होत आलं होतं. तेवढ्यात दारात कुणी खाकरलं. बघतो तर माझी बहीण, जिला तू एकदाही बाजाराला नेलं नाहीस ती. गोंडपिपरीहून आली, नदी डोंग्यानं ओलांडून. कडेवर तिची पोरगी, नुकती चालायला लागलेली, आणि डोक्यावर गाठोडं. तिचा नवरा अहेरीच्या पुढं कूपात गेला आहे, दसऱ्यापासून त्याचा निरोप नाही. मी उद्या जातो हे तिला कुणाकडून तरी कळलं.

"मी येऊन राह्यली तुह्यासंगं."

"पोरीले घेऊन?"

"मंग काय चुलीवर ठेवून येऊ?"

तिनं गाठोडं उतरवलं, पाणी प्यायलं, पोरीला खाली सोडलं. पोरगी सरळ कुत्रीकडं गेली आणि तिच्या पाठीवर हात टेकून उभी राहिली. कुत्रीनं तिचा पाय चाटला. बहिणीनं एकदा भाकरीकडं बघितलं, एकदा कुत्रीकडं.

"तू पुढं, पोरीले घेऊन मी मधात," ती म्हणाली. "मागं कुत्री हाये नं?"

"हाव," मी म्हटलं.

विचार करायला जेवढा वेळ लागायला हवा होता तेवढा लागला नाही, आत्या. हा कागद मी सोबत घेत नाही, इथंच झोपडीच्या कुडात खोचून जाईन, तुला तो मिळायचा कुठं. बहीण आता पुढची भाकर थापते आहे. मी मान खाली घालून लिहीत बसलो आहे, लिहिण्यासारखं काही उरलेलं नसताना, कारण वर बघितलं तर कुत्री माझ्याकडं बघत असेल.