इस्त्रीच्या दुकानातील मांजर कोणाची

मी, खाली सही करणारा, वय सत्तावीस, शिक्षण आठवी, धंदा कपड्यांना इस्त्री करणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना हे लिहून ठेवतो. मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर "काळजी करू नका" असे तीनदा म्हणाले, म्हणून लिहीत आहे.

१. बँकेतील शिल्लक आणि राहती खोली आईला. दादाने त्यात वाटा मागू नये. त्याचे शिक्षण झाले, माझे राहिले.

२. दोन्ही इस्त्र्या वहिनीला. मोठीची वायर मुठीजवळ सैल आहे, ओल्या हाताने धरू नये. गिऱ्हाइकांचे कपडे चिठ्ठ्या बघून घरपोच द्यावेत.

३. दुकानातील करड्या मांजरीला गिऱ्हाइके मॅनेजर म्हणतात. लोक आधी "मॅनेजर आहेत का?" विचारतात, मग कपड्यांचे. तिचा फोटो फोनवर फिरला तेव्हापासून लांबूनही कपडे येतात. दादाचे मोबाइलचे दुकान आहे. तो परवा माझ्या उशाशी बसून आईला म्हणाला, "याचं काही बरंवाईट झालं तर मांजर मी नेतो. काचेच्या कपाटात बसवतो, बघ कशी रांग लागते."

आई म्हणाली, "अरे, तो जागा आहे."

दादाने मांजर नेऊ नये.

४. खरे तर ती माझीही नाही. समोरच्या शिंपीकाकांची. ती त्यांच्या मशीनशेजारी बसायची. तिला बघायला लोक थांबत आणि थांबले की काहीतरी शिवायला टाकत. दोन वर्षांपूर्वी थंडीत मी नुकत्याच इस्त्री केलेल्या चादरींची गरम चळत मुद्दाम दारातल्या फळीवर ठेवू लागलो. निवली की त्याच चादरींवर पुन्हा इस्त्री फिरवायचो. आठ दिवसांत ती रस्ता ओलांडून आली. मी सगळ्यांना सांगितले, आपणहून आली. काका तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. खोटे सांभाळून मी दमलो आहे. मांजर काकांना परत द्यावी, फळीसकट.

सहीआधीची नोंद: एक साक्षीदार किराणा दुकानदार. ते म्हणाले, दुसरा असा आण ज्याला यातून काही मिळत नाही. रविवारच्या दुपारी तसा मोकळा कोणी मिळेना. तेवढ्यात, कलम चार त्यांच्याबद्दल आहे म्हणून कागद शिंपीकाकांना दाखवला. गळ्यात टेप तशीच ठेवून त्यांनी उभ्यानेच वाचला.

"चादरी होय. मला वाटायचं, तू मासे घालतोस."

मी मान हलवून नाही म्हटले.

"साक्षीदाराला काही मिळत नाही म्हणतात, खरं का?"

"किराणावाले तसं म्हणाले."

"मग पेन आण."

"काका, मग मांजरीचं काय?"

"दुकानाची किल्ली ठेवून जा. तू येईपर्यंत तिला दूध घालीन. त्यापुढचं तुझं तू बघ. या वयात माझ्या गळ्यात मांजर बांधू नकोस."

म्हणून कलम चार रद्द. मांजरीची सोय मी स्वतः परत येऊन करायची आहे.

ठिकाण: इस्त्रीचे दुकान. रविवार, दुपार.

सही: इस्त्रीवाला
साक्षीदार पहिले: किराणा दुकानदार
साक्षीदार दुसरे: शिंपी. किल्ली मिळाली.