जात्यावरचं अर्धं गाणं

आई, जय भीम.

"माह्या गळ्यातलं गाणं तुह्या बाबासंगं गेलं वं," असं तू म्हणाली होतीस. त्यानंतर कधी गायली नाहीस.

इथं विद्यापीठाच्या ग्रंथालयात सगळं ठीक आहे. डबा वेळेवर खाते.

जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवताना काल एकीत आपल्या गावातली जात्यावरची गाणी निघाली, कुण्या संशोधकानं टिपलेली. त्यात तू गातेस. कुणीतरी चिडवतं, तशी मधेच हसतेस. पण अर्ध्यावर फीत खराब झालीय. कालपासून कशात जीव लागत नाही, पुस्तकं भलत्याच फळीवर ठेवते.

तुझे गुडघे कसे आहेत?

पुढचं गाणं फक्त तुलाच येतं, नाहीतर ते अर्धंच राहील. तू नाही म्हणशील, तरी विचारते. रविवारी फोनवर गाशील का?

तुझी,
करुणा